संपाचा कौल

संपाचा कौल : वेतनकराराच्या वाटाघाटी अडून राहिल्यावर, प्रत्यक्ष काम बंद करण्यापूर्वी कामगार संघटना आपल्या सभासदांची संमती घेते आणि इतर कामगारांचा व समाजाचा पाठिंबा मिळविते, या प्रक्रियेस संपाचा कौल असे म्हणता येईल. तिची दोन अंगे आहेत. पहिले अंग संमतीचे असून ते मतदान, ठराव किंवा सह्यांची मोहीम यांतून व्यक्त होते. दुसरे अंग पाठबळाचे असून संप किती दिवस टिकेल, हे त्यावर अवलंबून असते. संमती मिळाली म्हणजे पाठबळ मिळालेच, असे नाही; उलट ज्या संघटनेस कायद्याने बोलण्याचा अधिकार दिला आहे, तिच्यामागे कामगार असतातच असेही नाही. महाराष्ट्रातील कामगार चळवळीचे अनेक कसोटीचे प्रसंग या दोहोंमधील अंतरातून उद्भवले आहेत.

वाटाघाटी अडण्याची कारणे : संघटित उद्योगांत वेतन, महागाई भत्ता, रजा, कामाचे प्रमाण इ. बाबी मालक व संघटना यांच्यातील कराराने ठरतात. कराराची मुदत सामान्यतः तीन ते पाच वर्षांची असते. मुदत संपत आली, की संघटना सभासदांशी विचारविनिमय करून मागणीपत्र तयार करते व व्यवस्थापनास सादर करते. त्यानंतर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी वाटाघाटींस बसतात. वाढीची रक्कम, ती कोणत्या तारखेपासून लागू करावयाची, त्या मोबदल्यात उत्पादन किती वाढवावयाचे आणि रिकाम्या जागा भरावयाच्या किंवा नाही, या चार मुद्द्यांवर बोलणी बहुधा अडतात.

वाटाघाटी लांबल्याचा भार दोन्ही पक्षांवर सारखा पडत नाही. १९४७ च्या औद्योगिक कलह अधिनियमानुसार कराराची मुदत संपली, तरी तो संपुष्टात आणण्याची लेखी सूचना देऊन दोन महिने होईपर्यंत तो बंधनकारक राहत असे. त्यानंतरही नवा करार होईपर्यंत जुनेच वेतन चालू राहते. त्यामुळे मालकाचा व्यवहार पूर्वीच्याच खर्चात चालतो, तर महागाईमुळे कामगाराच्या वेतनाचे मोल घटत जाते. नवा करार पूर्वलक्षी प्रभावाने लागू व्हावा व थकबाकी मिळावी, ही मागणी म्हणूनच वाढीच्या आकड्याइतकी महत्त्वाची ठरते. संघटना कौलाकडे वळते ती बहुधा बोलण्याचे विषय संपल्यामुळे नव्हे, तर विलंबाचा भार दुसऱ्या पक्षालाही जाणवावा म्हणून.

कौल घेण्याची रीत : कौलाची सुरुवात द्वारसभेने होते. पाळी सुटण्याच्या व भरण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी संघटनेचे पदाधिकारी वाटाघाटींची हकीकत सांगतात. मागणी किती होती, देकार किती आला व कोठे अडले, हे कामगारांस कळणे हा पुढील सर्व कृतींचा पाया असतो. त्यानंतर काळ्या फिती लावून काम करणे, भोजनावर बहिष्कार, निदर्शने, धरणे, नियमानुसार काम व एक दिवसाचा लाक्षणिक संप अशा चढत्या क्रमाने कृती होतात. या प्रत्येक कृतीचा उद्देश दुहेरी असतो. व्यवस्थापनास इशारा मिळतो आणि आपल्या हाकेला किती कामगार प्रतिसाद देतात, हे संघटनेसही अजमावता येते. काळी फीत लावण्यासही जो विभाग कचरतो, तो बेमुदत संपात किती काळ टिकेल, याचा अंदाज नेतृत्वास तेव्हाच बांधावा लागतो.

शेवटी सर्वसाधारण सभा भरवून ठराव संमत केला जातो किंवा मतदान घेतले जाते. हात वर करून घेतलेल्या मतदानात उत्साह दिसतो, परंतु शेजाऱ्याच्या नजरेचा दबावही असतो. गुप्त मतदानास वेळ व व्यवस्था लागते. मात्र त्यातून मिळालेल्या आकड्याला वाटाघाटींच्या मेजावर अधिक वजन असते. मतदानासमोर ठेवलेला प्रश्न कसा आहे, यालाही महत्त्व आहे. ‘संप करावा काय?’ हा प्रश्न आणि ‘व्यवस्थापनाचा अमुक देकार नाकारून संप करावा काय?’ हा प्रश्न सारखे नव्हेत. दुसऱ्या प्रश्नात कामगारास नफा-तोट्याचा विचार करून मत देता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबईत कामगारांचा कौल संघटितपणे मांडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी केला. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांनी साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर वेतन इ. मागण्यांचा अर्ज तयार केला व त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या मिळविल्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे भरलेल्या सभेस सुमारे १०,००० कामगार उपस्थित होते आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. संप न करताही संख्येच्या प्रदर्शनाने मागणी मान्य होऊ शकते, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

१९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला व त्यात सुमारे दीड लाख कामगार सहभागी झाले. ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ नेते व श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे साम्यवादी नेते यांनी संयुक्त संप समिती स्थापन केली होती. याच संपात उदयास आलेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक समित्या उभारल्या, त्यामुळे नेतृत्व व खात्याखात्यांतील कामगार यांच्यात नित्याचा संपर्क राहिला. एवढा दीर्घ संप टिकण्याचे ते एक प्रमुख कारण होते.

मुंबई प्रांताच्या सरकारने १९३८ मध्ये औद्योगिक कलहविषयक कायदा संमत केला. त्याने समेटाची प्रक्रिया सक्तीची केली आणि ती पूर्ण होण्यापूर्वीचा संप बेकायदेशीर ठरविला. या कायद्यास विरोध म्हणून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी संघटना यांनी एक दिवसाचा संप घडवून आणला. कामगारांच्या वतीने कोणी बोलावयाचे आणि संप केव्हा करावयाचा, हे कायद्याने ठरवावे काय, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

कायदेशीर तरतुदी : भारतात संप करण्याचा हक्क मूलभूत हक्क मानलेला नाही. संघटना स्थापन करण्याच्या घटनादत्त स्वातंत्र्यात संपाचा हक्क अंतर्भूत होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटनेच्या खटल्यात १९६१ मध्ये दिला. संप हा कायद्याने नियंत्रित केलेला हक्क असल्याने त्याची कार्यपद्धती काटेकोरपणे पाळावी लागते.

महाराष्ट्र कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ हा सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. कौलाच्या दृष्टीने त्यातील तरतुदी लक्षणीय आहेत. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात, ज्या संघटनेकडे लगतच्या सहा महिन्यांत सलग किमान ३० टक्के कामगार सभासद असतील, तिला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळविण्याची सोय त्यात करण्यात आली. मान्यताप्राप्त संघटनेशी प्रामाणिकपणे सामूहिक वाटाघाटी करण्यास नकार देणे, ही मालकाची अनुचित प्रथा ठरविण्यात आली. संघटनेने तसा नकार देणे, हीदेखील अनुचित प्रथाच ठरली. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक करण्यात आली आणि जेथे मान्यताप्राप्त संघटना असेल तेथे, नोटीस देण्यापूर्वी संघटनेच्या सभासदांपैकी बहुसंख्यांचे मत संपाच्या बाजूने मिळविलेले नसल्यास तो संप बेकायदेशीर ठरेल, अशी तरतूद झाली. कामगार न्यायालयाने संप बेकायदेशीर ठरविल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत तो मागे घेतल्यास तो बेकायदेशीर मानला जाऊ नये, अशी सवलतही ठेवण्यात आली.

या तरतुदीची मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कारखान्यात १,००० कामगार असून मान्यताप्राप्त संघटनेचे सभासद ३०० असतील, तर १५१ सभासदांच्या मताने कौलाची अट पूर्ण होते. म्हणजे एकूण कामगारांपैकी सुमारे पंधरा टक्के कामगारांच्या संमतीने कायदेशीर संप पुकारता येतो; पण उरलेल्यांना बरोबर घेतल्याशिवाय तो चालविता येत नाही. याउलट, दुसऱ्या संघटनेमागे बहुसंख्य कामगार गेले, तरी मान्यता बदलेपर्यंत वाटाघाटींचे दार तिला बंदच राहते. शिवाय मान्यतेसाठी सभासदत्वाची पडताळणी प्रामुख्याने वर्गणीच्या नोंदींवरून होत असल्याने, गुप्त मतदानाने मान्यता ठरवावी ही मागणी अनेक संघटनांनी वेळोवेळी केली.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली व तिने औद्योगिक कलह अधिनियम आणि १९२६ चा कामगार संघ अधिनियम यांसह तीन केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. पूर्वी केंद्रीय कायद्यात संपाच्या नोटिशीची सक्ती केवळ सार्वजनिक उपयुक्त सेवांना होती. संहितेने ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. नोटीस दिल्यापासून चौदा दिवसांच्या आत, तसेच समेटाची कार्यवाही चालू असताना व ती संपल्यानंतर सात दिवसांपर्यंत संप करता येत नाही. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने नैमित्तिक रजा घेतल्यास तोही संप समजला जातो. एकाहून अधिक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तशी कोणतीही संघटना नसल्यास किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद नेमावयाची असते. संपापूर्वी सभासदांचे मतदान घेण्याची सक्ती मात्र संहितेने केलेली नाही.

संपाचे पाठबळ : संपकाळात वेतन मिळत नाही. संप कायदेशीर व समर्थनीय असेल तरच त्या काळातील वेतनाचा विचार होऊ शकतो, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सिंडिकेट बँकेच्या खटल्यात मांडले. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ अन्वये दहा किंवा अधिक कामगार पूर्वसूचनेशिवाय व वाजवी कारणाशिवाय संगनमताने गैरहजर राहिल्यास, नोकरीच्या अटींत तशी तरतूद असल्यास, गैरहजेरीच्या दिवसांखेरीज आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येत असे. कौल देणाऱ्या कामगारासमोर हा हिशेब प्रत्यक्ष उभा असतो. घरभाडे, मुलांचे शुल्क, पतपेढीच्या कर्जाचा हप्ता व वाण्याची उधारी यांतून किती आठवडे निभाव लागेल, हे त्याच्या घरात ठरते. म्हणून संपाच्या निर्णयात कुटुंबाचा, विशेषतः घर चालविणाऱ्या स्त्रियांचा वाटा मोठा असतो, जरी मतपत्रिकेवर त्याची नोंद होत नाही.

सभासदांना कलहकाळातील नुकसानीबद्दल साहाय्य देण्यासाठी संघटनेचा निधी वापरण्यास १९२६ च्या अधिनियमाने मुभा दिली होती. तथापि भारतीय संघटनांची वर्गणी अल्प राहिली. १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमाने मान्यताप्राप्त संघटनेसाठी ठरविलेली किमान वर्गणी दरमहा ५० पैसे होती. अशा वर्गणीतून दीर्घ संपास पुरेल असा निधी उभा राहणे अशक्यच होते. त्यामुळे शेजारच्या कारखान्यांतील कामगारांनी दिलेले एक दिवसाचे वेतन, धान्याची मदत, दुकानदारांची उधारी व गावाकडील शेती हाच येथील संपांचा खरा राखीव निधी ठरला. मालकाच्या बाजूसही काही साधने असतात. साठविलेला माल विकणे, अंतरिम वाढ देऊन काही कामगारांना वेगळे करणे, व्यक्तिगत हमीपत्रे लिहून घेणे, कंत्राटी कामगारांकडून उत्पादन चालू ठेवणे किंवा टाळेबंदी जाहीर करणे, या उपायांनी पाठबळ खचविले जाते. कौल घेताना संघटनेने या उपायांची कल्पना सभासदांस दिलेली असेल, तर त्यांचा परिणाम कमी होतो.

१९८२ चा गिरणी संप : मान्यता व पाठबळ यांची फारकत झाल्यास काय घडते, हे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाने दाखविले. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही गिरणी उद्योगातील प्रातिनिधिक संघटना होती व वाटाघाटींचा अधिकार तिच्याकडेच होता. १९८१ च्या दिवाळीतील बोनसच्या प्रश्नावरून असंतुष्ट झालेले कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे वळले. सुमारे अडीच लाख कामगारांनी संपास साथ दिली. म्हणजे पाठबळाविषयी शंका उरली नव्हती. परंतु ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलण्याचे बंधन मालकांवर नव्हते आणि ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांच्या हाती संप थांबविणे नव्हते. प्रातिनिधिक संघटनेची मान्यता काढून घ्यावी व १९४६ चा अधिनियम रद्द करावा, या मागण्या वेतनवाढीच्या बरोबरीने पुढे आल्या, त्या यामुळेच.

अनेक कामगार सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी इ. जिल्ह्यांतील आपल्या गावी गेले व गावच्या आधारावर संप वर्षाहून अधिक काळ चालला. दरम्यान मालकांनी काम यंत्रमागांकडे वळविले. काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. हजारो कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. संप औपचारिकपणे कधीही मागे घेण्यात आला नाही. संप सुरू करण्यास कामगारांचा उदंड कौल होता. पण तो कोणत्या तडजोडीवर थांबवावा, याविषयी त्यांचा कौल घेण्याची कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नव्हती, ही या संपाची एक मोठी शिकवण होय.

नवी मुंबईतील कामगारक्षेत्र : सिडको या शासकीय महामंडळाने १९७० नंतर ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविली. तीत तीन प्रकारची कामगारक्षेत्रे जवळजवळ नांदतात व प्रत्येकात कौलाचे स्वरूप निराळे आहे. पहिले क्षेत्र ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीचे होय. येथील रासायनिक, औषधी व अभियांत्रिकी कारखान्यांत प्रत्येक आस्थापनेचा करार स्वतंत्र असतो, त्यामुळे कौलही कारखान्यापुरता असतो. हे कारखाने राज्य शासनाच्या अधिकारक्षेत्रात येत असल्याने १९७१ च्या अधिनियमातील मतदानाची अट येथील मान्यताप्राप्त संघटनांसाठी होती. या पट्ट्यात डॉ. सामंत यांच्या संघटनांचाही विस्तार झाला होता. पुढे काही मोठे कारखाने बंद पडल्याने व कायम कामगारांची जागा कंत्राटी कामगारांनी घेतल्याने कौल देणाऱ्यांची संख्याच आटत गेली.

दुसरे क्षेत्र वाशी येथील कृषी उत्पन्न बाजार समितीचे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला व धान्य अशा पाच बाजारांत माथाडी कामगार माल चढविण्या-उतरविण्याचे काम करतात. त्यांचा मालक एक नसून अनेक व्यापारी असतात. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून झालेल्या १९६९ च्या माथाडी अधिनियमाने मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन केली. येथे काम थांबल्यास त्याच दिवशी नाशवंत माल अडकतो व मुंबईच्या पुरवठ्यावर परिणाम होतो. त्यामुळे एक दिवसाच्या बंदलाही मोठे वजन असते; परंतु त्याची झळ शेतकऱ्यालाही लागत असल्याने त्याची सहानुभूती टिकविणे हा येथील कौलाचाच एक भाग ठरतो.

तिसरे क्षेत्र उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे. मे १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरात २०२३-२४ मध्ये वीस फूट लांबीच्या पेटीच्या एककात मोजल्यास सुमारे ६४ लाख पेट्यांची वाहतूक झाली. प्रमुख बंदरे केंद्र शासनाच्या अधिकारात असल्याने १९७१ चा राज्य अधिनियम तेथे लागू नव्हता. म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील संघटनेला संपापूर्वी सभासदांचे मतदान आवश्यक होते, तर काही किलोमीटर अंतरावरील बंदर कामगारांच्या संघटनेला ते कायद्याने आवश्यक नव्हते. तिला केंद्रीय कायद्यातील सार्वजनिक उपयुक्त सेवांसाठीची नोटीस द्यावी लागे.

२०२४ ची बंदर कामगारांची संपाची हाक : देशातील प्रमुख बंदरांच्या कामगारांचे वेतन एकत्रितपणे ठरते. त्यासाठी बंदरांचे व्यवस्थापन व कामगार महासंघ यांची द्विपक्षीय वेतन वाटाघाटी समिती नेमली जाते. मागील कराराची मुदत ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपली. नव्या करारासाठी समिती २०२१ मध्येच नेमली गेली होती. तरीही अडीच वर्षांहून अधिक काळ बोलणी चालूनही निर्णय झाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तुतिकोरिन येथे झालेल्या बैठकीत महासंघांनी २८ ऑगस्टपासून बेमुदत संप करण्याचे ठरविले. वेतनवाढ, थकबाकी, चालू लाभांचे संरक्षण व रिकाम्या जागांची भरती या प्रमुख मागण्या होत्या.

या हाकेचे बळ दोन गोष्टींत होते. निरनिराळ्या राजकीय मतप्रणालींच्या मध्यवर्ती संघटनांशी संलग्न असलेले महासंघ एकत्र आले, त्यामुळे एका महासंघास वेगळे काढून करार करण्याचा मार्ग उरला नाही. दुसरे असे, की संपाची हाक एका बंदरापुरती नव्हती; न्हावा-शेवा बंद पडल्यास माल मुंबई, कांडला किंवा कोचीकडे वळविण्याची सोय राहणार नव्हती. संपाच्या आदल्या दिवशी, २७ ऑगस्ट रोजी, समझोता झाला व संप टळला. त्यानुसार ८.५ टक्के वेतनवाढ मान्य झाली आणि कराराची मुदत १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२६ अशी पाच वर्षांची ठरली. सुमारे २०,००० कामगारांना त्याचा लाभ झाला. प्रदीर्घ काळ जे बोलण्याने झाले नाही, ते संपाची तारीख जाहीर झाल्यावर काही आठवड्यांत झाले.

तथापि या यशाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. न्हावा-शेवा येथे १९९९ पासून खाजगी धक्के सुरू झाले आणि बंदराचा स्वतःचा पेटी-धक्काही २०२२ मध्ये खाजगी कंपनीकडे सोपविण्याचा करार झाला. बंदरात काम करणारे अनेक जण आज खाजगी कंपन्या, कंत्राटदार व वाहतूकदार यांचे नोकर आहेत. प्रमुख बंदरांच्या वेतनकरारात त्यांचा समावेश नाही. म्हणून ज्या संपात ते सहभागी होतील किंवा ज्याचा भार सोसतील, त्याच्या कौलात त्यांचे मत नसते.

परदेशांतील पद्धती : ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा कोळसा खाण कामगारांचा संप राष्ट्रीय पातळीवर मतदान न घेता पुकारण्यात आला. नॉटिंगहॅमशर भागातील बहुसंख्य कामगार कामावर राहिले, चळवळ दुभंगली आणि वर्षभरानंतर संप कराराविना संपला. १९८४ च्या कामगार संघ अधिनियमाने तेथे संपापूर्वी गुप्त मतदान आवश्यक केले. २०१६ च्या अधिनियमाने निम्म्या सभासदांनी तरी मतदान केलेले असावे, अशी अट घातली. अमेरिकेत पूर्व व आखाती किनाऱ्यांवरील गोदी कामगारांचा करार ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपला. दुसऱ्याच दिवसापासून सुमारे ४५,००० कामगार संपावर गेले व तीन दिवसांत सहा वर्षांत ६१.५ टक्के वेतनवाढीवर तत्त्वतः सहमती झाली. नवा करार २०२५ मध्ये सभासदांच्या मतदानाने मंजूर झाला. संघटनास्वातंत्र्य व सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे अनुक्रमे १९४८ व १९४९ चे संकेत भारताने अद्याप अनुसमर्थित केलेले नाहीत.

मूल्यमापन : कौलाची सक्ती करणे म्हणजे संपावर निर्बंध घालणे होय, असा एक आक्षेप घेतला जातो. मतदानाच्या तयारीत वेळ जातो, मालकास साठा करण्यास अवधी मिळतो आणि तांत्रिक त्रुटीवरून संप बेकायदेशीर ठरविता येतो, हे खरे आहे. दुसऱ्या बाजूस, कौल न घेता पुकारलेल्या संपाची किंमत नेत्यापेक्षा कामगारच अधिक मोजतो. कौलामुळे संघटनेला स्वतःचे बळ कळते व व्यवस्थापनालाही ते कळते. दोघांचे अंदाज जुळले, तर पुष्कळदा संपाची गरज उरत नाही. बळाविषयी एका पक्षाचा अंदाज चुकतो, तेव्हाच संप लांबतात. म्हणून संपास संमती घेताना वाटाघाटींतील देकार सभासदांपुढे ठेवणे, कंत्राटी कामगारांस विचारात घेणे आणि तडजोडीचा मसुदाही सभासदांच्या मताला टाकणे, या तीन गोष्टी कौलाच्या पूर्णत्वासाठी आवश्यक मानल्या जातात. यांपैकी पहिली गोष्ट द्वारसभांच्या रूपाने महाराष्ट्रात रूढ झाली आहे. इतर दोन अद्याप बहुतांश संघटनांच्या इच्छेवर अवलंबून आहेत.